पोट सुटले म्हणजे पोट भरले असे नव्हे

जाडा माणूस म्हणजे खाऊनपिऊन सुखी आणि बारीक माणूस म्हणजे काटक व निरोगी, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. एखाद्याला मधुमेह निघाला की शेजारीपाजारी विचारतात, "गोड फार खात होता का?" बाईचे पोट सुटले की म्हणतात, "बसून खाते." आम्ही वकिली करतो. न्यायालयात पुराव्याशिवाय एक विधान टिकत नाही. आहाराच्या बाबतीत मात्र ऐकीव गोष्टींवर निकाल दिला जातो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात नेहमी खाणाराच उभा केला जातो. त्याने काय खाल्ले हे विचारतात. त्याला काय मिळाले, त्याच्या आईला काय मिळाले होते, हे कोणी विचारत नाही.

हे समज निरुपद्रवी असते तर त्यांच्यावर आम्ही शाई खर्च केली नसती. परंतु याच समजांच्या पायावर रेशनचे धान्य ठरते, किमान वेतन ठरते, शाळेतल्या पोराच्या ताटात अंडे पडणार की नाही तेही ठरते. म्हणून हा विषय दवाखान्याइतकाच हक्काचाही आहे.

आमच्या नवी मुंबईत हे रोज दिसते. नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ला आणि पाम बीच मार्गाच्या कडेला पहाटे वजन उतरवायला चालणाऱ्यांची वर्दळ असते. त्याच वेळी वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत माथाडी पाठीवर गोणी घेत असतो, कंत्राटी सफाई कामगार झाडू घेऊन निघालेला असतो आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यातला सुरक्षा रक्षक बारा तासांची रात्रपाळी संपवून दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअरच्या वस्तीकडे परतत असतो. या वस्त्यांतली बरीच माणसे मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पोट भरण्यासाठी आलेली. आणि ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले त्या आगरी-कोळी बांधवांचे काय? 1970 साली सिडको स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनींवर शहराची आखणी झाली. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासळी यांवर जगणारा माणूस विकतच्या अन्नावर आला. मधुमेहाने आज या सगळ्यांचीच घरे पाहिली आहेत. दवाखान्यात मात्र सर्वांना एकच उपदेश मिळतो. भात कमी करा, गोड सोडा, रोज चाला. ज्याने आयुष्यभर ओझे वाहिले त्यालाही "थोडा व्यायाम करत जा" असे सांगितले जाते!

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, असे म्हणण्याची पद्धत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. 15 राज्यांतील 57 हजारांवर लोकांची ती तपासणी होती. देशाचा एकत्रित विचार केला तर मधुमेह सुस्थितीतील लोकांत अधिक दिसला, हे खरे. पण चंदीगड, महाराष्ट्र आणि तामिळनाडू या पुढारलेल्या भागांतील शहरांत चित्र उलटे निघाले. तेथे वरच्या आर्थिक थरापेक्षा खालच्या थरात मधुमेह जास्त होता. 2023 साली याच पाहणीच्या पुढच्या अहवालाने देशातील मधुमेहींची संख्या 10 कोटी 10 लाख असल्याचे सांगितले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (2019-21) आपल्या राज्याविषयी काय सांगते? महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. 20.8 टक्के स्त्रिया हव्या त्यापेक्षा बारीक आहेत आणि त्याच राज्यात 23.4 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या आहेत. उपासमार आणि लठ्ठपणा एकाच राज्यात, एकाच वस्तीत आणि पुष्कळदा एकाच घरात नांदत आहेत. हे कोडे "जास्त खाल्ले म्हणून जाड झाला" या एका वाक्याने सुटत नाही.

महाराष्ट्राने 2018-19 मध्ये आहारावर मोठा वाद पाहिला. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित. त्यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून घेतलेली पद्धत अशी की दिवसातून दोनदाच जेवा, मध्ये काही खाऊ नका. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. त्या सांगतात, थोडे थोडे पण वरचेवर खा. दीक्षित की दिवेकर, यावर घरोघरी फड रंगले. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याने 2019 मध्ये डॉ. दीक्षितांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत केले. दोघांच्या सल्ल्याने अनेकांना लाभ झाला असेल, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. दोनदा खावे की आठदा खावे हा वाद कोणाचा? ज्याच्या हातात वेळ आहे, ताटात निवड आहे, त्याचा. पहाटे चारला घर सोडणारी सफाई कामगार भगिनी चहा-खारीवर निघते, दुपारी वडापाव खाते आणि रात्री घरी येऊन भात-आमटीने पोट भरते. तिची ‘आहारपद्धती’ ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकाने ठरवलेली असते. तिच्यासाठी या वादात जागाच नव्हती.

कोणी म्हणेल, मग शास्त्राला विचारा, शास्त्र निःपक्षपाती असते. शास्त्र असते, शास्त्राला पैसा पुरवणारे नेहमी नसतात. 1967 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हृदयरोगाविषयी लेख लिहिला. त्यात दोष चरबीच्या पदरात टाकला आणि साखरेला सौम्यपणे सोडून दिले. त्या लेखासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने 6,500 डॉलर दिले होते, ही गोष्ट 2016 साली जुनी कागदपत्रे उघडल्यावर जगाला कळली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे! 2015 साली कोका-कोला कंपनीचेही असेच प्रकरण बाहेर आले. लठ्ठपणाचा दोष खाण्यापिण्यापेक्षा व्यायामाच्या अभावावर ढकलणाऱ्या संशोधकांच्या एका मंडळाला कंपनीचा पैसा होता. तथागतांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना हेच सांगितले होते. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून स्वीकारू नका. तपासा आणि मग स्वीकारा. ही शिकवण आहारतज्ज्ञालाही लागू आहे आणि आमच्या या लेखालाही.

आता वजनाच्या मोजमापाकडे येऊ. वजन किलोत घ्यायचे, उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गाने भागायचे आणि येणाऱ्या आकड्यावरून माणूस बारीक, मध्यम की लठ्ठ ते ठरवायचे. याला ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हणतात. हे सूत्र मुळात केत्ले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने 1830 च्या दशकात ‘सरासरी माणूस’ शोधताना मांडले. तो डॉक्टर नव्हता, आणि त्याची माणसे युरोपातली होती. आज जगभरचे दवाखाने त्यावर चालतात. या सूत्राने आपल्या माणसांची कशी फसवणूक होते ते पुण्यातच उघडकीस आले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात दोन माणसांचे छायाचित्र छापले. एक ते स्वतः, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी एकच, 22.3. वजनकाट्याच्या हिशेबाने दोघेही ‘योग्य’. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरच्या शरीरात 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरच्या शरीरात 21.2 टक्के निघाली. म्हणजे बाहेरून बारीक दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असू शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 मध्ये आशियाई लोकांसाठी धोक्याची पहिली खूण 25 वरून 23 वर आणण्याचा विचार मांडला.

याचे मूळ कोठे आहे? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या मातांचे सरासरी वजन सुमारे 42 किलो होते. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाया. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची जन्मली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे होती 3.5 किलोची. पण ही बाळे केवळ लहान नव्हती. त्यांच्या अंगात स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते, आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. आईच्या पोटात अन्न अपुरे मिळाले की गर्भ मेंदू वाचवतो, चरबी जपतो आणि स्नायू व इतर अवयवांच्या वाढीत काटकसर करतो. असे बाळ मोठे झाले, शहरात आले, बसून करायचे काम आणि मैदा-साखर-पामतेलाचे अन्न त्याच्या वाट्याला आले की ते शरीर तो भार पेलू शकत नाही. इंग्लंडच्या डॉ. डेव्हिड बार्कर यांनी हाच विचार आधी मांडला होता. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे दुष्काळ पडला. त्या वेळी आईच्या पोटात असलेल्या मुलांची पुढे पन्नाशीत तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या रक्तात साखरेचे प्रमाण इतरांपेक्षा बिघडलेले आढळले.

आपल्याकडचा 1972 चा दुष्काळ आठवा. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, रोजगाराच्या कामावर वाटलेली सुकडी, खडी फोडणाऱ्या बाया. त्या बायांत किती गरोदर होत्या? त्यांच्या पोटातली ती लेकरे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांतलीच कित्येक नंतर मुंबई-नवी मुंबईच्या वस्त्यांत आली. एकेका माणसाच्या मधुमेहाचे कारण असे बोट ठेवून सिद्ध करता येत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु तुर्भ्याच्या झोपडपट्टीतल्या मधुमेही माणसाला "खादाडपणाचे फळ भोग" म्हणण्यापूर्वी डॉक्टरांनी एवढे तरी विचारावे, की बाबा, तू कोणत्या साली जन्मलास आणि तेव्हा तुझी आई काय खात होती?

येथे पुण्याचेच दुसरे मोठे नाव घ्यावे लागते. डॉ. पां. वा. सुखात्मे हे साताऱ्याच्या बुध गावचे, जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत 1951 ते 1970 त्यांनी काम केले. पुढे पुण्यात असताना त्यांनी असे मांडले की माणसाची अन्नाची गरज रोज बदलते, कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते, म्हणून सरासरीच्या रेषेखाली असलेल्या प्रत्येकाला उपाशी मोजणे चूक. ते स्वच्छ पाणी व आरोग्याच्या सोयींचा आग्रह धरत, हेही नमूद केले पाहिजे. पण ‘शरीर जुळवून घेते’ या विचाराला अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी 1980 च्या सुमारास पुढे ओढले आणि ‘लहान पण निरोगी’ असा सिद्धांत मांडला. उंची खुंटलेली गरीब मुले आजारी नाहीत, ती फक्त लहान आहेत! डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी त्याला कडाडून विरोध केला. हा सिद्धांत गरिबांसाठीच का, श्रीमंतांनी आपल्या मुलांसाठी तो का स्वीकारू नये, असा त्यांच्या विरोधाचा रोख होता. याज्ञिकांच्या खेड्यांतील बाळांनी या वादाचा निकाल दिला असे आम्ही मानतो. शरीर जुळवून घेते हे खरे, पण फुकट जुळवून घेत नाही. त्याचे कर्ज तीस-चाळीस वर्षांनी मधुमेह आणि हृदयरोगाच्या रूपाने व्याजासकट फेडावे लागते. "यांना कमी लागते, यांना सवय आहे" हे वाक्य गावच्या पाटलाने महाराच्या बलुत्याविषयी म्हटले काय किंवा तज्ज्ञाने गणित मांडून म्हटले काय, भोगणारा तोच राहतो.

2015 साली पुण्यातील उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात उंदरांना 50 पिढ्या अपुऱ्या पोषणावर ठेवले होते. त्यांच्यात मधुमेहाची लक्षणे दिसली. मग दोन पिढ्या नेहमीचे सकस अन्न दिले, तरी बिघाड पूर्ण भरून निघाला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे लक्षात ठेवूनही आपण अंतर्मुख व्हायला हवे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या उष्टे-शिळे, गावकीच्या भाकरीवर आणि मेलेल्या जनावराच्या मांसावर जगायला भाग पाडले, त्याच्या दोन पिढ्या शिकल्या, नोकरीला लागल्या म्हणजे हिशेब मिटला, असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा. मात्र एक इशारा दिला पाहिजे. यावरून कोणी "यांच्या रक्तातच खोट आहे" असा नवा मनुवाद काढील, तर ते खोटे आहे. येथे जात शरीरात नसून उपासमार शरीरात आहे. ती माणसाने लादली, म्हणून माणसाला काढता येते. अर्भकाला आणि आईला वेळेवर योग्य अन्न देणे हाच तिच्यावरचा उपाय आहे.

बाबासाहेबांनी हे किती आधी ओळखले होते! 1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतपणापूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका घेतली. 1929 साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. याज्ञिकांची खेडी तेव्हा कोणी तपासली नव्हती. आणि आज? 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 4 ने गरोदर व स्तनदा मातेला किमान 6,000 रुपये देण्याचे वचन दिले. 2017 साली केंद्राने योजना आणली ती 5,000 रुपयांची, आणि तीही पहिल्याच मुलासाठी. 2022 पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर 6,000 मिळू लागले. कायदा म्हणतो प्रत्येक माता, योजना म्हणते अटी पाहा.

आता कॅलरीचा हिशेब घेऊ, कारण कामगाराचे वेतन त्यावर उभे आहे. 1957 च्या जुलैमध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरवले. कुटुंबाची तीन उपभोग एकके, प्रत्येकी डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे 2,700 कॅलरी, वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, जळण-दिवाबत्ती. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी 25 टक्के भर घातली. आम्ही कामगारांच्या बाजूने या निकालाचा आधार घेत आलो आहोत आणि घेत राहू. पण त्यात एक पोकळी आहे. 2,700 कॅलरी नुसत्या तांदूळ, साखर आणि पामतेलातूनही भरता येतात! कॅलरी भरली की कागदावर कामगार पोटभर जेवला. त्याच्या ताटात डाळ होती का, अंडे, मासळी, पालेभाजी होती का, हे कोणी पाहत नाही. 2019 साली डॉ. अनुप सत्पथी समितीने ही पोकळी काही अंशी भरली. कॅलरी 2,400 वर आणल्या खऱ्या, पण माणशी रोज किमान 50 ग्रॅम प्रथिने व 30 ग्रॅम स्निग्ध पदार्थ धरून जुलै 2018 च्या भावाने दिवसाला 375 रुपये किमान वेतन सुचवले. सरकारने त्याच वर्षी देशपातळीवरचा तळाचा दर जाहीर केला 178 रुपये. 2020 मध्ये वेतन संहितेचे मसुदा नियम आले, त्यात पुन्हा 2,700 कॅलरी. प्रथिनांचा पत्ता नाही. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. कामगार संघटनांनी बोनस आणि महागाई भत्त्याइतकीच आता प्रथिनांचीही मागणी केली पाहिजे.

रेशनचेही तसेच. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी 5 किलो धान्य दिले. ते 2023 पासून फुकट मिळते. त्याने भूक भागते, ते आम्हांला मोलाचे वाटते. पण त्या पिशवीत डाळ नाही, तेल नाही. महाराष्ट्राने 2022 च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ काढला तेव्हा 100 रुपयांत चार वस्तू दिल्या. रवा, चणाडाळ, साखर, पामतेल. डाळ सणापुरती, पीठ वर्षभर! 2025 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाने भारतीयांच्या आहारातील 62 टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात असे दाखवले. मग डॉक्टर म्हणतात, भात-पोळी कमी करा. कमी करून त्या जागी काय घ्यायचे? रेशन दुकानात तर दुसरे काही मिळत नाही.

येथे सर्वांत मोठ्या समजाला हात घातला पाहिजे. शाकाहार म्हणजे सात्त्विक, सात्त्विक म्हणजे आरोग्यदायी. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. शाकाहारी बांधवांविषयी आम्हांला आकस नाही. डाळी, भाज्या, फळे उत्तमच. परंतु पुण्याच्या त्याच खेड्यांत दोन तृतीयांश मातांच्या शरीरात ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आढळली, आणि ज्यांच्यात फोलेट भरपूर पण ब-12 कमी होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. हे जीवनसत्त्व निसर्गतः दूध, अंडी, मासळी, मांस यांतूनच मिळते. ज्याला रोज दूध-दही परवडते त्याचे शाकाहारावर भागते. ज्याला दूध परवडत नाही त्याच्या ताटातून अंडे आणि मांसही काढले तर त्याच्याकडे काय उरते?

आणि काढले तर गेलेच. मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी लागू झाली आणि बैलाचे मांसही बंद झाले. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2016 रोजी राज्याबाहेरून आणलेले असे मांस बाळगण्यावरची बंदी तेवढी रद्द केली. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्याला केळे, देण्याचे ठरवले. त्याला काहींनी धर्माच्या नावाने विरोध केला. जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचा स्वतंत्र निधीच बंद झाला आणि शाळांना लोकसहभागातून सोय करा असे सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशात शाळेत शिजवलेल्या जेवणातून किमान 300 कॅलरी व 8 ते 12 ग्रॅम प्रथिने द्या म्हटले होते. लोकसहभाग कोठे होणार? वाशी-नेरूळच्या पालकांकडे पैसे आहेत, त्यांची मुले या शाळांत नाहीत. ज्यांची मुले आहेत ते पालक दिघ्यात रोजंदारीवर आहेत.

मार्च 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे आपल्या माणसांना बजावले. काही लोक याचा अर्थ मांसाहाराविरुद्ध लावतात. तो अर्थ चूक आहे. बाबासाहेबांनी लाचारीचे अन्न सोडायला सांगितले, स्वाभिमानाचे अन्न नव्हे. गावाने फेकलेले खाणे आणि आपल्या कमाईने निवडून खाणे यांतला फरक त्यांनी शिकवला. आज फुकट धान्य घ्या आणि गप्प बसा, असे कोणी म्हणत असेल तर महाडची ती शिकवण पुन्हा उघडून वाचायला हवी.

बौद्ध परंपरेत आहाराविषयी दोन गोष्टी आहेत, त्या एकत्र वाचल्या पाहिजेत. कोसलचा राजा पसेनदी भरमसाट जेवून धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला प्रमाणात खाण्याचा उपदेश केला, आणि राजाने तो पाळून अंग हलके केले. दुसरी गोष्ट आळवी नगरीची. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी उपदेश ऐकायला आला. तथागतांनी उपदेश थांबवला, आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मग धम्म सांगितला. राजाला कमी खा सांगितले, शेतकऱ्याला आधी वाढले. आमचे आहारगुरू आणि आमचे सरकार नेमके उलटे करतात. पसेनदीचा उपदेश ते शेतकऱ्याला ऐकवतात.

मग आपण काय करावे? पहिले, बारीक आहोत म्हणून निश्चिंत राहू नये. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल तर वजन काहीही असो, रक्तातील साखर तपासून घ्यावी. गरोदर सुनेने, लेकीने घरात शेवटी नव्हे, सर्वांत आधी जेवावे. स्वस्त आणि सकस असे पुष्कळ आपल्याच स्वयंपाकघरात आहे. अंडी, सुकट, बोंबील, जवळा, मटकी, हुलगे, शेंगदाणे, अंबाडी, तांदुळजा. त्यांची लाज वाटून बिस्किटे आणि नूडल्स आणू नयेत. दुसरे, संविधानाच्या अनुच्छेद 47 ने जनतेचे पोषण उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. तेव्हा रेशनमध्ये डाळ-तेल, शाळेत अंडे, प्रत्येक मातेला पूर्ण लाभ आणि किमान वेतनात प्रथिनांचा निकष या चार मागण्या आपल्या संघटनांनी लेखी कराव्यात, निवेदने द्यावीत, गरज पडल्यास न्यायालयात जावे.

तिसरे, 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला आपली मंडळे आरोग्य शिबिरे भरवतात. नवी मुंबईतल्या विहारांत आणि ऐरोलीच्या बाबासाहेबांच्या स्मारकाभोवती जमणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना आमची सूचना आहे. पुढच्या शिबिरात रक्त तपासणाऱ्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडा. त्यावर एक वकील किंवा कामगार कार्यकर्ता बसवा. ज्याची साखर वाढलेली निघेल त्याची पगारपावती, रेशनकार्ड आणि हजेरीचे तासही तेथेच तपासा. पावतीवर किमान वेतन भरत नसेल तर अर्ज तेथेच लिहून घ्या. ते टेबल सांभाळायला आम्ही येऊ.